टपालाची पेटी आणि दुकानाचे दार



महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी कुटुंबांना टपालाने माल मागविणे ही गोष्ट मुळीच नवी नाही. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे किंवा हैदराबाद येथील वाचकाला पुण्या-मुंबईस निघालेले एखादे नवे मराठी पुस्तक हवे असले, म्हणजे तो प्रकाशकाला एक कार्ड टाकीत असे. आठ-पंधरा दिवसांनी पोस्टमन दारात उभा राही, व्ही. पी. चे पैसे मोजून घेई आणि पुडके हाती देई. पुस्तक चांगले निघाले तर आनंदच. पण पाने उलटसुलट बांधलेली निघाली, तर पुन्हा कार्ड आणि पुन्हा वाट पाहणे आले. उलट कोपऱ्यावरच्या वाण्याकडे निवडीला वाव थोडा. पण त्याची डाळ किडकी निघाली, तर त्याच संध्याकाळी ती त्याच्या पुढ्यात नेऊन ठेवता येत असे. दूरच्या विक्रेत्याजवळ माल पुष्कळ असतो. जवळच्या दुकानदाराजवळ तो थोडा असतो, पण तो जवळ आहे हेच त्याचे खरे भांडवल होय.

या दोन पद्धतींचा झगडा अमेरिकेत दीडशे वर्षे चालू आहे. इंटरनेटवरून होणारा व्यापार हा त्या झगड्यातील अगदी अलीकडचा अध्याय आहे. हजारो दुकाने बाळगणाऱ्या मोठमोठ्या पेढ्यांना हा नवा व्यापार गिळून टाकणार, असे वीस-पंचवीस वर्षांपूर्वी बहुतेक जाणकार सांगत होते. काहींच्या बाबतीत ते खरे ठरले. परंतु काही पेढ्यांनी, जी दुकाने त्यांच्या गळ्यातील धोंड मानली जात होती, त्या दुकानांच्याच बळावर या नव्या प्रतिस्पर्ध्याला तोंड दिले. हे कसे घडले, हे समजण्यासाठी आपल्याला थोडे मागे जावे लागेल.

१८७२ साली शिकागो शहरात अ‍ॅरन माँटगोमेरी वॉर्ड नावाच्या गृहस्थाने एका कागदावर मालाची किंमतवार यादी छापली आणि ती खेड्यापाड्यांतील शेतकऱ्यांकडे टपालाने धाडली. खेड्यातील एकुलता एक दुकानदार सांगेल तो भाव देण्यावाचून शेतकऱ्याला तोपर्यंत गत्यंतर नव्हते. वॉर्डने मधले दलाल वगळले आणि माल पसंत न पडल्यास पैसे परत देण्याची हमी घेतली. त्यानंतर चौदा वर्षांनी, १८८६ मध्ये, मिनेसोटा प्रांतातील एका लहानशा आगगाडी-स्टेशनावर काम करणाऱ्या रिचर्ड सीअर्स या तरुणाच्या हाती घड्याळांची एक पेटी आली. गावातील जवाहिऱ्याने ती घेण्याचे नाकारले होते. सीअर्सने ती घड्याळे इतर स्टेशनांवरील आपल्या सहकाऱ्यांना विकली, आणि या किरकोळ व्यवहारातूनच पुढे ‘सीअर्स, रोबक आणि कंपनी’ ही जगप्रसिद्ध पेढी उभी राहिली.

या पेढीच्या उत्कर्षात तिच्या चालकांच्या कर्तबगारीइतकाच टपालखात्याचा वाटा आहे. १८९६ पासून अमेरिकन टपालखाते खेड्यातील घराघरापर्यंत पत्रे पोहोचवू लागले. तोवर शेतकऱ्याला आपले टपाल गावच्या कचेरीतून आणावे लागत असे. १९१३ च्या १ जानेवारीपासून मोठी पार्सलेही सरकारी टपालाने जाऊ लागली. सीअर्सचे जाडजूड सूचीपत्र शेतकऱ्याच्या घरी धर्मग्रंथाशेजारी विसावले. सुईपासून नांगरापर्यंत सर्व काही त्यात असे. १९०८ पासून तर संपूर्ण लाकडी घरदेखील सुटे भाग करून आगगाडीने पाठविले जाई. १९०६ साली शिकागोत पेढीने सुमारे चाळीस एकरांवर प्रचंड वखार बांधली. ग्राहकाची चिठ्ठी उघडल्यापासून माल बांधून बाहेर पडेपर्यंत प्रत्येक टप्प्याची वेळ तेथे ठरलेली होती. आजच्या इंटरनेट-व्यापाऱ्यांच्या वखारी पाहून थक्क होणाऱ्यांनी या वखारीची आठवण ठेवावी.

लहान गावांतील दुकानदार या प्रकाराने हवालदिल झाले. ‘आपल्या गावातच खरेदी करा’ अशी चळवळ त्यांनी उभारली. कोठे कोठे तर लोकांकडून सूचीपत्रे गोळा करून त्यांची जाहीर होळीही करण्यात आली. त्यांची भीती खोटी नव्हती, आणि त्यांच्याविषयी सहानुभूती वाटणेही स्वाभाविक आहे. परंतु चित्राला दुसरी बाजू आहे. दक्षिणेकडील प्रांतांत वर्णभेदाच्या कायद्यांखाली राहणाऱ्या काळ्या लोकांना गावच्या दुकानात सर्व गोऱ्या गिऱ्हाइकांचे आटोपेपर्यंत ताटकळावे लागे आणि उरलासुरला माल उधारीच्या जाचक अटींवर घ्यावा लागे. टपालाच्या व्यापाऱ्याला गिऱ्हाइकाचा रंग दिसत नव्हता. त्यांच्यासाठी ते सूचीपत्र केवळ सोयीचे नव्हते, तर मानाने खरेदी करण्याचा तो एक मार्ग होता. दुकानाचे जवळ असणे हे भांडवल खरे. पण जवळच्या दुकानात गिऱ्हाइकाला कशी वागणूक मिळते, यावर त्या भांडवलाची किंमत ठरते, हे येथे लक्षात ठेवले पाहिजे.

आता या कथेतील पहिले मोठे वळण येते. १९२० च्या अमेरिकन जनगणनेत शहरी वस्ती प्रथमच ग्रामीण वस्तीहून अधिक भरली. शेतकऱ्यांच्या दारी मोटारी आल्या, रस्ते सुधारले आणि लोक खरेदीसाठी शहरात जाऊ लागले. या आकड्यांचा अर्थ रॉबर्ट वूड नावाच्या एका निवृत्त सेनाधिकाऱ्याने अचूक ओळखला. हे गृहस्थ पनामा कालव्याच्या बांधकामावर माल पुरविण्याचे काम करून आलेले होते आणि सरकारी आकडेवारीची पुस्तके आवडीने वाचीत. वॉर्डच्या पेढीत असताना ‘आपण दुकाने काढली पाहिजेत’ असे त्यांनी मालकांना परोपरीने सांगितले. पण मालकांना ते पटले नाही. १९२४ मध्ये वूड तेथून बाहेर पडले आणि सीअर्समध्ये आले. १९२५ साली शिकागोतील त्या टपालाच्या वखारीतच सीअर्सचे पहिले दुकान उघडले. शहराच्या मध्यभागी महागड्या जागा घेण्याऐवजी वूड यांनी शहराच्या कडेला, मोटारी उभ्या करण्यास ऐसपैस जागा असेल तेथे, दुकाने थाटली. १९२९ च्या अखेरीस त्यांची संख्या तीनशेच्या वर गेली, आणि १९३१ मध्ये दुकानांतील विक्रीने टपालाच्या विक्रीला मागे टाकले.

विशेष म्हणजे सीअर्सने टपालाचा धंदा टाकून दिला नाही. दुकानात सूचीपत्राची एक खिडकी ठेवलेली असे. तेथे मागणी नोंदवावी, आणि माल आला की तेथूनच घेऊन जावा, अशी व्यवस्था होती. घरबसल्या मागवायचे आणि दुकानातून न्यायचे, या ज्या पद्धतीचा आज इतका गवगवा होतो, तिचे मूळ या खिडकीत आहे.

१९६२ हे वर्ष अमेरिकन किरकोळ व्यापाराच्या इतिहासात ध्यानात ठेवण्याजोगे आहे. त्या एकाच वर्षी आर्कन्सा प्रांतातील रॉजर्स या गावी सॅम वॉल्टन यांनी वॉलमार्टचे पहिले दुकान काढले, मिनेसोटात टार्गेटचे पहिले दुकान निघाले आणि मिशिगनमध्ये केमार्टचे. कमी नफा, मोठा खप हे या तिघांचेही सूत्र. या नव्या दुकानांपुढे सीअर्सचे बळ ओसरू लागले. अखेर १९९३ च्या जानेवारीत सीअर्सने आपले मोठे सूचीपत्र बंद करीत असल्याचे जाहीर केले. त्याबरोबरच शंभरावर दुकाने बंद होणार होती आणि सुमारे पन्नास हजार लोकांची कामे जाणार होती. सूचीपत्राचा धंदा तोट्यात होता, तेव्हा हिशेबाच्या दृष्टीने त्या निर्णयाला दोष देता येणार नाही. पण काळाची थट्टा पाहा. पुढच्याच वर्षी, १९९४ मध्ये, जेफ बेझोस यांनी अ‍ॅमेझॉन कंपनीची स्थापना केली आणि १९९५ च्या जुलैत ती पुस्तके विकू लागली. घरी बसून यादीतून वस्तू निवडायची, मागणी नोंदवायची आणि पार्सलाची वाट पाहायची, हा व्यवहार सीअर्सने शंभर वर्षे केला होता. तो सोडून दिल्यावर दोन-तीन वर्षांतच तो नव्या वेषात परत आला.

या नव्या पाहुण्याला दुकानदार पेढ्यांनी प्रथम कसे तोंड दिले? बहुतेकांनी त्याला वेगळे काढले. इंटरनेटचा व्यापार म्हणजे काही निराळेच प्रकरण आहे, आपल्या दुकानांशी त्याचा संबंध नाही, अशी समजूत होती. खेळण्यांच्या ‘टॉइज आर अस’ या पेढीने २००० साली आपली इंटरनेटवरची विक्री दहा वर्षांच्या कराराने अ‍ॅमेझॉनच्या हाती सोपविली. २००४ मध्ये प्रकरण न्यायालयात गेले. पुस्तकांच्या ‘बॉर्डर्स’ पेढीने २००१ मध्ये तेच केले. टार्गेटनेही २००१ पासून दहा वर्षे आपले इंटरनेटवरचे दुकान अ‍ॅमेझॉनकडून चालवून घेतले. खुद्द वॉलमार्टने २००० साली या कामासाठी कॅलिफोर्नियात स्वतंत्र कंपनी काढली. मुख्य कचेरी आर्कन्सात, दुकाने देशभर आणि इंटरनेटचा कारभार पश्चिम किनाऱ्यावर, असा तो त्रिस्थळी संसार होता. पुढच्या वर्षी वॉलमार्टने ती कंपनी पुन्हा पूर्णपणे आपल्या ताब्यात घेतली.

पुढे काय झाले ते सर्वश्रुत आहे. बॉर्डर्स २०११ मध्ये बंद पडली. टॉइज आर असने २०१७ मध्ये दिवाळे काढले आणि २०१८ मध्ये अमेरिकेतील तिची दुकाने बंद झाली. तिच्या डोक्यावर कर्जाचाही मोठा डोंगर होता, हे न्यायबुद्धीने सांगितले पाहिजे. टार्गेटने २०११ मध्ये आपला कारभार आपल्या हाती घेतला, तेव्हा थोड्याच आठवड्यांत एका इटालियन कपडेवाल्याचा खास माल घेण्यासाठी इतकी झुंबड उडाली की ती सारी यंत्रणाच कोलमडली. सुरुवात लाजिरवाणी झाली खरी. पण काम स्वतःच्या हाती आल्याने शिकण्याची संधी मिळाली.

विचारांची दिशा बदलण्याचे बरेचसे श्रेय ‘बेस्ट बाय’ या विद्युत उपकरणांच्या पेढीला द्यावे लागेल. लोक तिच्या दुकानात यावेत, दूरदर्शन संच निरखून पाहावेत, विक्रेत्याला हजार प्रश्न विचारावेत आणि घरी जाऊन तोच संच अ‍ॅमेझॉनवरून स्वस्तात मागवावा, असा प्रकार सुरू झाला होता. म्हणजे भाडे आणि पगार बेस्ट बायने द्यायचे आणि विक्री दुसऱ्याने करायची! २०१२ मध्ये ह्यूबर्ट जोली हे फ्रेंच गृहस्थ या पेढीचे मुख्य झाले. इंटरनेटवर जो भाव असेल त्याच भावाने आम्ही देऊ, असे त्यांनी जाहीर केले. त्यामुळे दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाला रिकाम्या हाताने परत जाण्याचे कारण उरले नाही. दुसरी गोष्ट, इंटरनेटवरून आलेली मागणी दूरच्या वखारीऐवजी जवळच्या दुकानातून पुरी करावी, अशी व्यवस्था त्यांनी लावली. तिसरी गोष्ट, उपकरणे बनविणाऱ्या मोठ्या कंपन्यांना दुकानाच्या आत आपापली दालने मांडू दिली. वस्तू हाताळून पाहण्याची जागा आता फुकटचा खर्च राहिली नाही. बुडणार म्हणून जिची गणना झाली होती, ती पेढी तरली.

आता तुम्ही विचाराल की दुकानातून माल पाठविण्यात असे काय मोठे रहस्य आहे? रहस्य वाहतुकीच्या हिशेबात आहे. हजार वस्तू एका मालमोटारीतून एका ठिकाणी नेणे स्वस्त असते. त्याच हजार वस्तू हजार घरी पोहोचविणे अतिशय महाग पडते. प्रवासाचा शेवटचा मैल हाच सर्वांत खर्चाचा. दुकानदार पेढीची मालमोटार गिऱ्हाइकाच्या वस्तीपर्यंत रोज भरून येतच असते. म्हणजे माल शेवटच्या मैलाच्या तोंडाशी आधीच येऊन बसलेला असतो. तेथून तो घरी धाडला तर अंतर थोडे, आणि गिऱ्हाईक स्वतः येऊन घेऊन गेले तर तो शेवटचा मैल पेढीच्या हिशेबातूनच वगळला जातो. अमेरिकेतील नव्वद टक्के लोक आपल्या एखाद्या दुकानापासून दहा मैलांच्या आत राहतात, असे वॉलमार्ट सांगते. टार्गेटने २०१९ मध्ये सांगितलेल्या हिशेबानुसार वखारीऐवजी दुकानातून माल पाठविल्यास सरासरी चाळीस टक्के खर्च वाचतो, आणि गिऱ्हाईक स्वतः घेऊन गेल्यास सुमारे नव्वद टक्के. शिवाय नापसंत माल परत करायला दुकान सोयीचे, आणि परत आलेली वस्तू तेथेच पुन्हा फळीवर ठेवता येते.

हे आज सोपे वाटते. त्या वेळी ते पटवणे सोपे नव्हते. २०१७ च्या फेब्रुवारीत टार्गेटचे मुख्य ब्रायन कॉर्नेल यांनी दुकानांची डागडुजी आणि ही नवी व्यवस्था यांवर सात अब्ज डॉलर खर्च करण्याचा बेत जाहीर केला, तेव्हा त्या एका दिवसात पेढीच्या शेअरचा भाव दहा टक्क्यांहून अधिक घसरला. मरू घातलेल्या दुकानांवर कोणी पैसा ओततो काय, अशी लोकांची भावना होती. त्याच वर्षाच्या डिसेंबरात टार्गेटने घरपोच माल देणारी ‘शिप्ट’ ही कंपनी ५५ कोटी डॉलरना विकत घेतली. गिऱ्हाइकाने मोटारीतून न उतरता माल डिकीत ठेवून घ्यावा, अशी सोयही दुकानोदुकानी झाली. वॉलमार्टने वाणसामानाच्या बाबतीत हाच मार्ग धरला. तिनेही चुका केल्या. २०१६ मध्ये सुमारे ३ अब्ज ३० कोटी डॉलर मोजून ‘जेट’ ही इंटरनेटवरची कंपनी घेतली आणि २०२० मध्ये ते नाव गुंडाळून ठेवले. दुकानातील नोकरांनी घरी परतताना वाटेत पार्सले पोहोचवावीत, हा २०१७ चा प्रयोगही टिकला नाही. टिकून राहिली ती दुकानेच.

२०२० साली करोनाची साथ आली आणि या व्यवस्थेची खरी कसोटी लागली. लोक घराबाहेर पडेनात, पण धान्य, दूध, औषध तर हवेच होते. दुकानातून माल गोळा करून तो वाहनापर्यंत किंवा घरापर्यंत देण्याची ज्यांची तयारी झालेली होती, त्यांच्याकडे गिऱ्हाइकांचा लोंढा वळला. टार्गेटची त्या एका वर्षातील विक्रीची वाढ आधीच्या अकरा वर्षांतील एकूण वाढीहून अधिक भरली, आणि इंटरनेटच्या मागण्या धरूनही पंचाण्णव टक्क्यांहून अधिक विक्री दुकानांमार्फतच पुरी झाली.

प्रतिस्पर्ध्याचे वर्तनही बोलके आहे. अ‍ॅमेझॉनने २०१७ साली ‘होल फूड्स’ ही साडेचारशेहून अधिक दुकानांची पेढी १३ अब्ज ७० कोटी डॉलरना विकत घेतली. २०१९ पासून तिच्या गिऱ्हाइकांचा परत करावयाचा माल ‘कोल्स’ या दुसऱ्याच पेढीच्या दुकानांत स्वीकारला जाऊ लागला. मात्र तिने स्वतः काढलेली पुस्तकांची दुकाने २०२२ मध्ये बंद करावी लागली. दुकान चालविणे ही वेगळी विद्या आहे, आणि केवळ पैशाने ती हस्तगत होत नाही.

तथापि या विजयाचे गोडवे गाताना दोन गोष्टी विसरू नयेत. पहिली ही की हा मार्ग स्वस्त नाही. वखारीची रचना माल झटपट उचलता यावा म्हणून केलेली असते. दुकानाची मांडणी गिऱ्हाइकाने रेंगाळावे म्हणून केलेली असते. तेथे यादी हाती घेऊन धावपळ करणाऱ्या नोकराची आणि सावकाश माल पाहणाऱ्या गिऱ्हाइकाची गाठ पडते. हिशेबात दिसणारी वस्तू फळीवर सापडत नाही. वॉलमार्टसारख्या बलाढ्य पेढीलाही आपल्या इंटरनेट-व्यापारात नफ्याची पहिली तिमाही पाहण्यासाठी २०२५ साल उजाडावे लागले. दुसरी गोष्ट नोकरांची. पूर्वी जो विक्रेता गिऱ्हाइकाशी बोलत होता, तो आता हातातील यंत्र सांगेल ती वस्तू सांगेल त्या वेळात उचलतो. दुकान वाचले, काम वाचले. पण कामाचे स्वरूप बदलले. हा बदल चांगला की वाईट, हे त्या कामावर उभ्या असलेल्या माणसाला विचारल्यावाचून ठरविता येणार नाही.

आणि सीअर्सचे काय झाले? २००५ मध्ये ती केमार्टशी एकत्र झाली. तिच्या दुकानांची निगा राहिली नाही, फळ्या रिकाम्या पडू लागल्या, आणि २०१८ च्या ऑक्टोबरात तिने दिवाळे जाहीर केले. टपाल आणि दुकान या दोन्ही विद्या जिला एकाच वेळी अवगत होत्या, अशी ही पेढी. तिने आधी एक हात सोडला आणि मग दुसऱ्याकडे दुर्लक्ष केले.

या सर्वांशी आपला काय संबंध, असे कोणी म्हणेल. संबंध आहे. २०१८ मध्ये वॉलमार्टने सोळा अब्ज डॉलर देऊन आपल्या देशातील ‘फ्लिपकार्ट’ कंपनीचा सुमारे सत्त्याहत्तर टक्के भाग घेतला. परदेशी पेढ्यांना येथे किरकोळ दुकाने काढण्यावर निर्बंध असल्याने दुकानांच्या या राजाला भारतात किरकोळ दुकानांवाचून शिरावे लागले. उलट २००२ साली मुंबईत पवईला पहिले दुकान काढणाऱ्या डी-मार्टने पुढे इंटरनेटवर मागविलेला माल गिऱ्हाइकाने येऊन न्यावा म्हणून छोटी केंद्रे उघडली. अलीकडे तर मोठ्या शहरांत काही मिनिटांत माल देण्यासाठी गल्लीबोळांत वखारी निघाल्या आहेत. गिऱ्हाइकाला आत जायला दार नाही, पण वस्तीच्या अगदी जवळ, अशी ही दुकानेच म्हणायची.

बेळगावच्या पेठेतील किंवा इंदुरातील एखादा जुना वाणी मात्र ही सारी हकीकत ऐकून हसेल. चिठ्ठी घ्यायची, सामान बांधून ठेवायचे, पोराबरोबर घरी धाडायचे आणि खराब निघाल्यास बदलून द्यायचे, हे तर त्याचे आजोबाही करीत होते. अब्जावधी डॉलर खर्चून मोठ्या पेढ्या ज्या ठिकाणी येऊन पोहोचल्या, तेथे तो आधीपासूनच बसलेला आहे. त्याच्याजवळ त्यांचे भांडवल नाही आणि त्यांची यंत्रेही नाहीत; म्हणून तो टिकेलच, असे आश्वासन इतिहास देत नाही. सीअर्सचे उदाहरण समोर आहे. पण जवळ असणे आणि गिऱ्हाइकाला ओळखणे या दोन गोष्टींची किंमत शून्य नाही, एवढे या दीडशे वर्षांच्या कहाणीवरून निश्चित म्हणता येईल. ती किंमत त्याने ओळखावी, आणि आपणही ओळखावी, इतकेच सांगून मी आपली रजा घेतो.